इस्त्रीघरामागची वाट

इस्त्रीवालीला जाग आली ती उभ्या उभ्याच. हातात तापलेली इस्त्री होती आणि समोर महाराजांचा सदरा. तिने आधी सदरा पाहिला. जळला नव्हता. मग दाराकडे पाहिले. कोणी बघत नव्हते. तिचा जीव भांड्यात पडला. डोळे चोळत तिने मनाशी म्हटले, डुलकी लागली वाटतं घटकाभर.

त्या वेळी राजवाड्यात जो तो हेच म्हणत होता. मुदपाकखान्यात आचारी हातातला डाव चाटून मीठ बेताचे आहे ना ते बघत होता. देवडीवरचा पहारेकरी जोडीदाराला सांगत होता, "झोपलो कुठे होतो मी? डोळ्यांना जरा विश्रांती दिली. कानांचा पहारा चालूच होता." दरबारात महाराज सिंहासनावर सावरून बसले आणि भर सभेत जागा झालेला कुठलाही मोठा माणूस जे म्हणतो तेच म्हणाले, "बरं, मग काय ठरलं?"

तेवढ्यात हातातली घंटा बडवत कारभारी सगळ्या दालनांतून फिरला. इस्त्रीघराच्या दाराशी येईपर्यंत त्याला धाप लागली होती.

"ऐका! राजकन्या उठल्या आहेत. दारापुढे वाढलेले काटे म्हणे आपोआप बाजूला झाले आणि पुढच्या दारानं एक परदेशचे राजपुत्र आत आले, त्यांनी उठवलं त्यांना. कसं उठवलं ते विचारू नका. संध्याकाळी लग्न आहे." मग घंटा खाली ठेवून, घसा खाकरून तो म्हणाला, "आणि आणखी एक किरकोळ गोष्ट. आपण सगळे शंभर वर्षं झोपलो होतो. पण त्याचा कामावर परिणाम होता कामा नये."

शापाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. राजकन्या जन्मली तेव्हाच्या मेजवानीला एका म्हाताऱ्या परीला बोलवायचे राहून गेले होते. ती रागाने म्हणाली होती की एक दिवस पोरीच्या बोटात चातीचे टोक घुसेल आणि सगळा राजवाडा शंभर वर्षे झोपेल. आमंत्रणे पाठवायचे काम तेव्हा या कारभाऱ्याकडेच होते, म्हणून त्याच्या देखत तो विषय कोणी काढत नसे.

आत्ताही कोणी काढला नाही. आचाऱ्याने खांदे उडवले. त्याची बायको शेजारच्याच कोठीत धान्य निवडत झोपली होती आणि तिथेच उठली होती. पहारेकऱ्याचे म्हातारे आई-बाप मागच्या चाळीत राहत, तेही जांभया देत बाहेर आले होते. सगळ्यांचे सगळे कुंपणाच्या आत होते. शंभर वर्षे गेली, पण कोणाचे काही गेले नव्हते.

बाहेरून कामाला येणारी अशी एकटी इस्त्रीवालीच होती.

"कारभारीकाका," ती म्हणाली, "मला घरी जायचंय."

"आत्ता? अगं, संध्याकाळी लग्न! सगळ्यांचे कपडे चुरगळलेत. शंभर वर्षं अंगावर घालून झोपल्यावर चुरगळणार नाहीत तर काय!"

"माझी पोर शेजारच्या सुतारीणकाकूंकडे ठेवलीय. भिंगरी. काकू म्हणत होत्या, अंग गरम लागतंय तिचं."

 कारभारी माणूस तसा वाईट नव्हता. फक्त त्याला बातम्या द्यायची सवय होती, त्या पोचताना बघायची नव्हती.

"केवढी होती?" त्याने हळूच विचारले.

"पाच पुरी झाली की आत्ताच. होती काय म्हणता? आहे."

 कारभाऱ्याने घंटा उचलली, तिची जीभ हाताने धरली आणि आवाज न करता निघून गेला.

इस्त्रीवाली उभी राहिली. शंभर हा आकडा तिच्या कानावरून गेला होता, पण आत शिरला नव्हता. आता तो शिरला. नवरा गेल्यावर तिला दुसरे कोणी नव्हते. सकाळी निघताना भिंगरी पदराला लोंबकळली होती, मलाही ने म्हणून, आणि घाई होती म्हणून तिने तिचा हात हिसका देऊन सोडवला होता. सकाळ म्हणजे आजची सकाळ. त्या हिसक्याची ऊब अजून मनगटात होती. आणि तो हिसका खाल्लेली पोर मोठी झाली, म्हातारी झाली आणि मेलीसुद्धा. आई आपल्याला टाकून गेली असे समजूनच मेली असेल.

तिला रडू आले नाही. तिने महाराजांचा सदरा पुन्हा पाटावर पसरला आणि इस्त्री फिरवायला घेतली. पाठ झाली, बाह्या झाल्या, की पुन्हा पाठ. त्या सदऱ्याला आयुष्यात एवढी इस्त्री कधी झाली नव्हती.

तिसऱ्यांदा बाही उलटताना मागच्या खिडकीतून आवाज आला. कच्. कच्. मग जरा वेळ शांत. मग सुस्स.

ती खिडकी काट्यांनी गच्च भरली होती. मनगटाएवढ्या जाड फांद्या आणि त्यांवर बोटाएवढे काटे. कच् म्हणजे कात्री असेल, नाहीतर उंदीर. पण सुस्स? तो आवाज तिच्या ओळखीचा होता. ओल्यावर तापलेली इस्त्री टेकली की तोच आवाज येतो, दुसरा येत नाही.

ती खिडकीजवळ गेली. फांद्यांतून कात्रीचे टोक आले. मग हातमोजा घातलेला हात आला. मग एक फांदी सुटली आणि पलीकडे चष्मा लावलेला एक सुरकुतलेला चेहरा दिसला. केस पांढरेशुभ्र, नाकावर ओरखडा.

"आजी, जपून!" इस्त्रीवाली म्हणाली. "डोळ्याला लागेल. थांबा, हात देते."

म्हातारीने हात घेतला, खिडकीच्या चौकटीवर पोट टेकवले आणि धापा टाकत आत उतरली. तिच्या दुसऱ्या हातात कोळशाची जुनी इस्त्री होती. तिने ती नीट पाटावर ठेवली, कपड्यांपासून दूर, माहीतगार माणसासारखी. मग चष्मा पुसला आणि समोरच्या बाईला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळले.

"इस्त्रीवाली तूच?"

"हो. तुम्ही?"

"जागी आहेस?"

"मघाशीच उठले. सगळेच उठलेत. कुणी राजपुत्र आला म्हणे, त्यानं राजकन्येला उठवलं."

"कुठून आला?"

"पुढच्या दारानं. काटे म्हणे आपोआप बाजूला झाले."

"आपोआप," म्हातारी म्हणाली आणि जवळच्या स्टुलावर बसली. "आपोआप झाले." तिने एक हातमोजा काढला, मग दुसरा. "सगळा जन्म गेला माझा यात. माझ्या आईचा त्याच्या आधी गेला. रोज चार काटे तोडायचे आणि आठ टोचून घ्यायचे. आज सकाळी मला कळलं, आता हातभरच राहिलंय, म्हणून चहासुद्धा न घेता आत शिरले. आणि तो टिकोजीराव ज्या दिवशी शाप संपायचा त्याच दिवशी टोपीत पीस खोचून येतो, आणि काटे आपोआप!"

इस्त्रीवालीला त्या बोलण्यात एकच शब्द ऐकू आला होता. "तुमची आई?"

म्हातारीने चष्मा डोळ्यांवर चढवला. "भिंगरी," ती म्हणाली. "भिंगरी माझी आई. तुम्ही-तुम्ही काय करतेस मला? मी तुझी नात आहे."

 तिशीतली आजी सत्तरीतल्या नातीकडे बघत होती. मग आजीने जे आधी सुचले ते केले. स्वतःचा पदर ओला केला आणि नातीच्या नाकावरचा ओरखडा पुसला. नातीने पोरासारखे तोंड वर करून पुसून घेतले.

"ती आहे का?" इस्त्रीवालीने विचारले. उत्तर ठाऊक होते, तरी विचारले.

"नाही गं आजी. पण बरीच जगली. शेवटपर्यंत दात शाबूत होते. अक्रोड फोडायची दातांनी, मी ओरडायचे."

"अंग गरम होतं तिचं."

"कधी?"

"आज सकाळी."

नातीने तिचा हात हातात घेतला. "उतरला तो ताप," ती म्हणाली. "केव्हाच उतरला."

तेव्हा कुठे इस्त्रीवालीला रडू फुटले. नात तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली आणि मधूनच महाराजांच्या सदऱ्याकडे बघून म्हणाली, "काम मात्र तुझं बघण्यासारखं आहे हं."

रडणे ओसरल्यावर इस्त्रीवालीने तोंड धुतले आणि विचारायचे होते ते विचारले. "रागावली होती का माझ्यावर?"

"रागावली होती तर! भयंकर. सुतारीणकाकूंनी सांगितलं होतं तिला, आई झोपलीय, शाप आहे, तिचा दोष नाही. पण पोर ती. म्हणायची, झोपायचं होतं तर घरी झोपायचं. गल्लीतली मुलं चिडवायची, 'भिंगरीची आई, उठतच नाही.' मोठी झाल्यावरही काटे कापताना तोंडाचा पट्टा चालूच. ही बाई उठली की मी तिला असं बोलणार आहे, तसं बोलणार आहे. मला सगळं पाठ आहे. तुला झापायचं काम माझ्यावर सोपवून गेलीय ती."

"मग झाप की."

"आत्ता नाही. फुरसतीनं. आठवडाभर पुरेल एवढं आहे."

"आणि एवढा राग होता तर रोज यायची कशाला?"

"राग होता म्हणूनच यायची," नात म्हणाली. "ज्याचा राग जातो ते माणूस घरी बसतं."

दारात कारभारी आला. त्याच्या हातात पडदे, टेबलक्लॉथ आणि राजपुत्राचा झगा असा ढीग होता. म्हातारीला बघून तो दचकला. "ह्या कोण?"

"माझी नात," इस्त्रीवाली म्हणाली.

कारभाऱ्याने एकीकडून दुसरीकडे पाहिले. लग्नाच्या दिवशी कशाचेच नवल करायचे नाही असे त्याने ठरवले असावे. "हे एवढं संध्याकाळपर्यंत—"

"काका, इस्त्री तापलेली आहे, पाट मांडलेला आहे. सरळ घडीवर धरायची आणि एका जागी थांबायचं नाही. जमेल तुम्हाला."

"मला?"

"ती परी दुखावली नसती तर आज माझे हात मोकळे असते," इस्त्रीवाली म्हणाली. हे ती अजिबात रागाने म्हणाली नाही. कारभाऱ्याने ढीग खाली ठेवून बाह्या वर सारल्या.

"चल आजी," नात म्हणाली. "पुढच्या दारानं जाऊ. आता उघडंच आहे म्हणतेस ना. बॅंड वाजतोय, दहा पावलांवर रस्ता. मला काही पुन्हा त्या बिळातून जायची हौस नाही. गुडघे गेलेत माझे."

इस्त्रीवाली खिडकीकडे बघत होती. काट्यांत एक अंधारी वाट आत गेली होती.

"ही तिनं केली?"

"बरीचशी. इकडची थोडी मी."

"मग मी इथून जाणार. तू पुढच्या दारानं ये."

नातीने वर बघून एक लांब सुस्कारा सोडला. "हट्टीपणा कुठून आलाय ते कळलं आज," ती म्हणाली आणि हातमोजे पुन्हा चढवून खिडकीवर पोट टेकवले.

वाटेचा पहिला भाग नागमोडी होता. त्याबद्दल नातीने आधीच कबुली देऊन टाकली. त्या काळात तिला लांबचे दिसेनासे झाले होते आणि चष्मा घ्यायचा ती आळस करत होती. "आता माझा मुलगाच चष्मे बनवतो. म्हणतो, आई, बस्स झालं आता. आणि मला चष्मा देऊन वर म्हणतो, निदान सरळ तरी काप."

चालता चालता ती बाहेरच्या बातम्या देऊ लागली, बहुधा आजीचे मन रमावे म्हणून. "काचेच्या बुटाची ती मुलगी तुझ्या वेळची ना? लग्न झालं की राजाशी. पण काचेचा बूट तो! जन्मभर कुरूप गेलं नाही पायाचं. पुढे घरात नुसत्या सपाता घालून फिरायची, दरबारातसुद्धा. आणि रानातलं ते बिस्किटांचं घर? चेटकीण गेली, वारस कोणी नाही. मुंग्यांनी वर्षभरात खाल्लं, पायासकट. लांडग्याचा नातू मात्र सुधारला. पाळणाघराबाहेर रखवालदार आहे. मुलं त्याच्या शेपटीला रिबिनी बांधतात, तो चूं करत नाही. म्हणतो, आजोबांनी नाव घालवलं, मला ते परत मिळवायचंय."

इस्त्रीवाली हसली. हसताना तिचे लक्ष कडेच्या फांद्यांकडे होते. प्रत्येक तोडलेल्या टोकाला काळा, चपटा, गुळगुळीत डाग होता.

"डाग द्यावाच लागतो," नात म्हणाली. "नुसतं कापलं तर रात्रीत एकाच्या दोन फांद्या. गावानं कुऱ्हाडी आणल्या, आग लावून पाहिली, हात टेकले. सगळ्यांनी नाद सोडल्यावर एक दिवस आई घरातली तुझी इस्त्री घेऊन आली. तू तिला कधी हात लावू देत नव्हतीस ना इस्त्रीला? म्हणून मुद्दाम. रागानं काट्यावर दाबून धरली. दुसऱ्या दिवशी बघते तर ते टोक फुटलंच नाही. ना फुटलं, ना पुढे कधी कापता आलं. लोखंड झालं त्याचं."

"आणि दिशा कशी कळायची? इस्त्रीघर कुठे ते?"

"धुरांड्यावरून. सगळं झोपलं तेव्हा तुझ्या धुरांड्याचा धूरही वर तसाच थांबला होता. ढगासारखा. आई रोज आत शिरायच्या आधी बाहेर उभी राहून त्या धुराकडे बघायची. म्हणायची, तिथे खाली उभीय ती."

पुढे छत एकदम खाली आले. दोघी कमरेत वाकल्या. "इथे ती म्हातारी होती," नात म्हणाली. "पाठीला बाक आला होता. स्वतःपुरतंच कापायची." बऱ्याच वेळाने वाट हळूहळू उंच होत गेली, इस्त्रीवालीला ताठ उभे राहता आले आणि तिच्या डोक्यावर वीतभर जागा उरली. भिंगरी तिच्याहून उंच झाली होती. ती तिथे थांबली, छताकडे बघितले आणि बापावर गेली, असे म्हणाली.

त्या उंच भागात एक वळण होते, विनाकारण डावीकडे जाऊन परत आलेले.

"इथे काय झालं?"

"इथे माझे वडील भेटले तिला. हातमोजे विकायचे. गिऱ्हाईक आत आहे म्हटल्यावर आत शिरले. महिनाभर तिचं कामात लक्ष नव्हतं." कडेला फांद्यांत एक खोलगट कोनाडा होता, टोपली मावेल एवढा. "आणि इथे मी झोपायचे. अंगाई नव्हती, कच्-सुस्स, कच्-सुस्स. अजून त्याच्याशिवाय झोप लागत नाही मला."

इस्त्रीवालीने कोनाड्याच्या कडांवरून हात फिरवला. तिथे एकही काटा नव्हता. प्रत्येक काटा मुळापासून भाजून गुळगुळीत केला होता.

मग ती नातीच्या पुढे झाली. वाट सरळ झाली, अरुंद झाली. टोके तिरकी तुटलेली, घाईची. इथे पोर तरुण होती आणि संतापलेली होती, हे सांगावे लागले नाही. मग छत तिच्या कपाळाशी आले, मग हनुवटीशी. ती वाकली, आणखी वाकली. मग गुडघ्यांवर आली.

"आता रांगायचं," मागून नात म्हणाली. "इथून पुढे सगळेच रांगतात. इथे ती सहाची."

"मोठं का नाही केलंत?"

"डाग दिलेलं कापता येत नाही, सांगितलं ना. तिला सगळे विचारायचे, अगं एवढंसं का कापलंस? मोठ्या माणसानं जायचं कसं? ती म्हणायची, मला काय माहीत मी मोठी होणार आहे ते. तिला वाटलं, दोन-चार दिवसांत पोचू."

इस्त्रीवाली रांगत राहिली. फांद्या आता तिच्या गालांजवळ होत्या. एकेका फांदीला पाच-सहा खाचा होत्या. छोट्या हातांत मोठी कात्री पुरती मिटत नसावी, म्हणून पुन्हा पुन्हा चावून तोडल्यासारख्या. काही डाग वाकडे पडले होते, काही दोनदा दिलेले. पोर इथे एकटी बसून हे करत होती, आणि इस्त्रीवाली तेव्हा एका सदऱ्यापुढे उभी होती. तिला वाटले, आपण इथून कधी बाहेर पडूच नये. आणि लगेच वाटले, हिने एवढे केले ते आपण बाहेर यावे म्हणून.

समोर उजेड दिसला. त्या उजेडातून कोणीतरी आत आले. रांगत नाही, चालत, अगदी ताठ. हातात डबा होता. फ्रॉकच्या खिशातून पेन्सिल डोकावत होती.

"पणजी, दुपार झाली, चहा पण नाही घेतलास," ती मुलगी म्हणाली आणि पुढे अनोळखी बाई बघून थबकली.

"माझ्या नातीची पोर," मागून नात धापा टाकत म्हणाली. "आम्ही सगळे रांगतो आणि ही एवढीच चालते. फार ऐट आहे त्याची."

मुलीने इस्त्रीवालीकडे बघून मान वाकडी केली. "ती झोपलेली आजी तूच का?"

"हो," इस्त्रीवाली म्हणाली. "आत्ताच उठले."

"मी तुला काय म्हणू? तू माझ्या पणजीची आजी आहेस."

"काय म्हणायचं ते म्हण."

मुलगी विचार करू लागली. इस्त्रीवाली गुडघ्यांवर बसून तिच्याकडे बघत होती. आधी तिच्या चेहऱ्याकडे, मग केसांकडे, मग वरच्या काळ्या टोकांकडे. मुलीचे डोके आणि भिंगरीने आपल्या उंचीला कापलेले ते छत यांच्यामध्ये दोन बोटांची जागा होती. इस्त्रीवालीने हात उचलून त्या जागेत सरकवला, तळवा खाली करून. हात तिथे बरोबर मावला.